रिकाम्या पेटीचा आलेख

१

सतरा वर्षं लोकांचे कान तपासणाऱ्या बाईला लोक कानबाई म्हणणार, नाहीतर काय म्हणणार? तोंडावर मात्र 'ताई'. तिचीही काही तक्रार नव्हती. पाठीमागे कोण काय बोलतं ते तिला सगळ्यांच्या आधी ऐकू येतं, असा तिचा लौकिक होता आणि त्या लौकिकावर ती मनातून खूश होती.

तिची खोली दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. खोलीत एक टेबल, टेबलावर कान तपासायचं यंत्र आणि समोर पेटी. पेटी म्हणजे एक माणूस बसेल एवढी लोखंडी खोली. एकामागे एक दोन जाड दारं, भिंतींना आतून राखाडी स्पंज, टेबलाच्या बाजूला दुहेरी काचेची खिडकी. आत एक खुर्ची, खुंटीला हेडफोन आणि वायरीच्या टोकाला एक बटण. कानबाईने बाहेरून यंत्रातून सूर सोडायचा, आत बसलेल्याने तो ऐकू आला की बटण दाबायचं, आणि दाबलं की यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. जाडा सूर, बारीक सूर, मग हळू, आणखी हळू, असून नसल्यासारखा. शेवटी आलेख निघे. उजव्या कानाची रेघ लाल, डाव्याची निळी. रेघ वर असली तर कान चांगला, खाली उतरली तर कान उतरला.

"कितीही बारीक आला तरी दाबा. पण आला तरच दाबा," हे ती प्रत्येकाला सांगे. झोपेतून उठवलं असतं तरी तिच्या तोंडून पहिलं हेच आलं असतं.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मात्र पेटीत ती स्वतः बसे. यंत्र आपोआप चालायला लावायचं, दारं ओढून घ्यायची, आठ मिनिटं सूर ऐकायचे. तराजू खरा आहे का ते माहितीच्या वजनाने बघतात, तसाच हा प्रकार. वजन म्हणजे तिचे कान. नोकरीच्या पहिल्या दिवशी काढलेला तिचा आलेख फाइलच्या पहिल्या पानाला लावलेला होता. रोजचा आलेख त्याच्याशी जुळला की यंत्र ठीक आहे असं समजायचं, खाली सही ठोकायची आणि दिवस सुरू करायचा. लहानपणी तिचा उजवा कान फुटला होता, त्यामुळे लाल रेघेत एका जागी छोटासा खळगा यायचा. तो सतरा वर्षं त्याच जागी येत होता.

"बाई, हा खळगा म्हणजे तुमचा अंगठा," कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणत. "कुठेही दिसला तरी मी ओळखेन." खोली डॉक्टरांची, नियमही त्यांचेच. त्यातला एक नियम सोपा होता. ज्याच्या कानावर यंत्र पारखायचं त्याचा कान गेला, की त्याने ही खुर्ची सोडायची.

२

त्या सोमवारी निळी रेघ शेवटाकडे उतरलेली निघाली. फार नाही, दोन घरं. बारीक सुरांपाशी. तिने पुन्हा तपासलं, पुन्हा तेच.

साहजिकच तिने यंत्राला दोष दिला. सतरा वर्षं ज्या कानाने यंत्राला धाकात ठेवलं तो कान चुकेल कसा? तिने यंत्रदुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी आपली मोजपट्टी, मीटर, वायरी घेऊन आला आणि तासभर यंत्राच्या छाताडावर बसला.

"ताई, यंत्र ठणठणीत आहे. सूतभर इकडेतिकडे नाही," तो हात पुसत म्हणाला. "आता तुमचे कान देता का दुरुस्तीला? आलोच आहे तर बघून टाकतो."

तो हसला. तीही हसली, पण जरा उशिराने.

"सर्दी झालीय," ती म्हणाली. सर्दी झालेली नव्हती.

घरी बाबा होते. ऐंशीला टेकलेले, ठार बहिरे आणि त्यामुळे इतक्या मोठ्याने बोलणारे, की घरात साखर संपली तर ती चार घरं ओलांडून कळे. त्यांचा कानही असाच गेला होता. सेहेचाळिसाव्या वर्षी, आधी डावा, आधी बारीक आवाज. पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग बायकांचं बोलणं. कानबाई तेव्हा शाळेत होती आणि बाबांशी पाटीवर लिहून बोलायची. खरं तर त्या पाटीमुळेच ती या धंद्यात आली. आता तिला चव्वेचाळीस पूर्ण झाली होती.

त्या रात्री जेवताना तिने पाटीवर लिहिलं, 'सुरुवातीला कसं वाटायचं?'

बाबांनी वाचलं, तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "लोक म्हणतात, बहिऱ्याला बरं, शांतता असते. कसली शांतता! सगळे घरात असतात गं. मी तेवढा नसतो."

मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते एकदम ओरडले, "का? तुला काय झालंय?"

तिने मानेनेच 'काही नाही' म्हटलं. ती घाबरली होती. खुर्ची जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती समोर बसून जेवत होती.

३

बुधवारी ती पेटीत बसली ती लबाडी करायचं ठरवूनच. यंत्राची चाल तिच्या अंगात भिनलेली होती. सूर, थांबा, सूर, थांबा. न ऐकताही ताल धरून दाबत गेलं तर काय बिघडलं?

बिघडलं असं, की असे ताल धरणारे पकडायला यंत्र मध्येच मुद्दाम गप्प बसतं. काही सोडतच नाही. तेव्हा जो बटण दाबतो त्याची दाबणी खोटी. तिने स्वतः कितीतरी नाटकी पेशंट असे पकडले होते आणि त्यांना गोड शब्दांत खडसावलंही होतं. कागद बाहेर आला. खोट्या दाबण्या सहा. निकाल ग्राह्य नाही. कोणी तोंडात मारल्यासारखी ती उभी राहिली, मग कागदाच्या चिंध्या करून पर्समध्ये कोंबल्या.

तिने यंत्र पुन्हा लावलं. आत जाऊन बसायला ते अर्धा मिनिट देतं. तेवढ्यात काउंटरवरच्या वहिनींनी हाक मारली. वहिनी म्हणजे दवाखान्याच्या नोंदणीपासून भांडणांपर्यंत सगळं सांभाळणाऱ्या, त्यांच्या हाकेला नाही म्हणायची डॉक्टरांचीही टाप नव्हती. कानबाईने सवयीने पेटीची दोन्ही दारं लोटली आणि ती गेली. वहिनींचं आणि एका म्हाताऱ्याचं तारखेवरून जुंपलं होतं, ते मिटवून परत यायला दहा मिनिटं लागली.

यंत्रातून आलेख आलेला होता.

लाल रेघ होती, निळी होती. निळी शेवटपर्यंत वर, सरळ, पहिल्या दिवशी होती तशी. लाल रेघेत खळगा होता, आपल्या जागेवर. खोट्या दाबण्या शून्य.

तिने पेटी उघडली. आत कोणी नव्हतं. असणार कोण? हेडफोन खुंटीला होते. बटणही तिने खुंटीलाच लावलं होतं, ते आता खुर्चीवर होतं. घसरलं असेल. वायर जड असते, घसरतं.

मनात पाल चुकचुकली. पण जिन्यावर पहिल्या पेशंटची पावलं वाजत होती, डॉक्टर फाइल मागवणार होते आणि हातात तिचाच आलेख होता. तिचाच की नाही? अंगठ्यासकट. तिने खाली सही केली.

४

माणसाचं डोकं मोठं कामाचं. त्याला एखादी गोष्ट नको असली, की ते कारणांचा ढीग घालतं. यंत्राने जुना निकाल पुन्हा छापला असेल. म्हणून तिने यंत्राची सगळी आठवण पुसून टाकली, प्लग काढून ठेवला, सकाळी लावला. पेटी रिकामी ठेवून दारं लोटली. आलेख आला. बटण चिकटलं असेल. म्हणून नवं बटण लावलं. आलेख आला.

शुक्रवारी ती टेबलापाशी उभी राहून दिव्याकडे बघत राहिली. यंत्र सूर सोडत होतं, दिवा लागत होता. यंत्र गप्प बसलं, दिवाही गप्प बसला. बटण चिकटलं असतं तर दिवा लागूनच राहिला असता. वायर तुटली असती तर लागलाच नसता. हा सूर आल्यावर नेमका लागत होता आणि शांततेत नेमका थांबत होता. सूर अगदी पुसट झाला तेव्हा तो क्षणभर उशिराने लागला. माणूस पुसट सुराला असाच उशीर करतो. आधी त्याला शंका येते, मग तो दाबतो.

म्हणजे आत कोणीतरी ऐकत होतं.

काचेतून खुर्चीची पाठ दिसत होती आणि खुर्चीचाच एक हात. बटण त्या हाताच्या आड होतं. दोन पावलं बाजूला सरकली असती तर तिला दिसलं असतं. ती सरकली नाही.

आता इथे शहाण्या माणसाने काय करायला हवं होतं ते सांगायला अक्कल लागत नाही. पण तिने झाकली मूठ झाकलीच ठेवली. पेटी तिच्या नावाने रोज पास होत होती. तिने फक्त सही करायची. 

तीन आठवडे हे चाललं. एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, तिने हेडफोनची वायर बाहेर ओढून टेबलापाशीच स्वतःला तपासलं. पेटीत जाऊन बसायची आता तिची छाती नव्हती. निळी रेघ अर्ध्यावर आली होती. लालही तिच्यामागे निघाली होती. बाबांना जिथे पोचायला पाच वर्षं लागली तिथे ती अठरा सह्यांमध्ये पोचली होती.

तिने सह्या मोजल्या, आणि मोजल्याबद्दल स्वतःलाच रागावली.

५

घरी बाबांच्या ते आधी लक्षात आलं. एके संध्याकाळी त्यांनी तिला तीनदा हाक मारली म्हणे.

"वा!" ते ओरडले. "आता दोघांत मिळून एकही कान नाही. घंटी वाजली तर चोरालाच सांगू, बाबा रे, आत ये आणि दार तूच लाव."

ते हसता हसता थांबले, कारण ती रडत होती. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काही बोललेही, पण मान खाली असल्यामुळे तिला ओठ दिसले नाहीत आणि ते काय म्हणाले ते तिला कधीच कळलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी एका शाळेतल्या बाई कान तपासायला आल्या. त्यांची शब्दांची तपासणी होती. कानबाईने माइकवरून एकेक शब्द सांगायचा, बाईंनी आतून तो परत म्हणायचा, बरोबर आला तर खूण करायची. म्हणजे ऐकायचं दोघींनी. बाईंना खोकला होता आणि रुमाल तोंडावरून हलत नव्हता. रुमालाच्या मागून येत होतं ते कानबाईला नुसतं गुणगुणणं वाटत होतं. तिने अंदाजाने खुणा केल्या. पंचवीसपैकी एकोणीस.

"एकोणीस म्हणजे बरं ना हो ताई?" बाईंनी बाहेर येऊन रुमाल काढून विचारलं. "मला वर्गातलं मागचं काही कळेनासं झालंय. मुलं फायदा घेतात."

"बरं आहे," कानबाई म्हणाली. ते म्हणताना तिने कागद पालथा ठेवला. आजवरची लबाडी निदान तिच्या स्वतःच्या कानापुरती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रिकाम्या पेटीत यंत्र चालू केलं आणि सतरा वर्षांत कधी सुचली नव्हती ती गोष्ट केली. पेशंट आतून काही बोलला तर ऐकू यावं म्हणून पेटीत एक माइक असतो. तिने त्याचा आवाज होता तेवढा मोठा केला आणि बाहेरचा हेडफोन उजव्या कानाला घट्ट दाबून धरला. त्या कानात अजून थोडा जीव होता.

आधी नुसती पोकळी ऐकू आली. मग सूर जाऊ लागले. जाडे, मध्यम, बारीक. मग तो सूर आला, सगळ्यात पुसट, जो ऐकण्याआधी प्रत्येक माणूस नकळत एक गोष्ट करतो. श्वास धरतो आणि आवंढा गिळतो.

आत कोणीतरी आवंढा गिळला.

हिरवा दिवा लागला.

६

त्या आलेखावर तिने सही केली नाही. ती तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेली, बसा म्हणायच्या आत बोलून मोकळी झाली. "डॉक्टर, माझा कान गेलाय. डावा गेला, उजवा चाललाय. खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. आणि कालच्या त्या शाळेच्या बाईंना परत बोलवा, मी त्यांचं खोटं लिहिलंय."

डॉक्टरांनी फाइल ओढली, पानं उलटली. ते काय म्हणाले ते तिला निम्मं ओठांवरूनच वाचावं लागलं. "हा कालचा, हा परवाचा. काचेसारखे स्वच्छ आहेत, बाई. खळग्यासकट."

"ते माझे नाहीत."

"मग कोणाचे?"

याचं उत्तर नोकरीवर असताना द्यावं असं नव्हतं. "मी आत बसलेच नव्हते," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस भला होता. "तुम्ही दमला आहात. हातच्या काकणाला आरसा कशाला? चला, मी स्वतः तपासतो."

पेटीच्या दाराशी ती आपला पांढरा कोट आवळून थांबली. पण लख्ख सकाळ होती, बाहेर वहिनींचा आवाज लागलेला असणार, डॉक्टर दोन हातांच्या अंतरावर बसणार. आणि खरा आलेख निघाल्याशिवाय तिची सुटका नव्हती. ती आत गेली. खुर्ची कोमट होती. त्या दिवशीचा पहिला पेशंट अजून यायचा होता.

दारं लागली. तिने हेडफोन चढवले, बटण हातात घेतलं. जाडे सूर लांबून आल्यासारखे आले, तिने दाबलं. मग काही आलं नाही. बराच वेळ काही आलं नाही. काचेपलीकडे डॉक्टर तोंड बाजूला करून बसले होते. सूर सोडत होते, दिव्याकडे बघत होते, कागदावर खूण करत होते. पुन्हा सूर, पुन्हा दिवा, पुन्हा खूण.

तिचा अंगठा बटणावर नव्हता.

तिने दोन्ही हात वर केले. बटण वायरीवर लोंबकळत ठेवलं, की दिसावं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. सूर सोडताना पेशंटकडे बघायचं नाही, नजरेने इशारा होतो, हे तिनेच त्यांना शिकवलं होतं. "डॉक्टर, मी दाबत नाहीये!" ती ओरडली. डॉक्टर माइकवर काहीतरी म्हणाले, क्षणभर थांबले आणि हसले. उत्तर ऐकून हसतात तसे.

मग त्यांनी येऊन दोन्ही दारं उघडली. "सांगितलं होतं ना?" त्यांचे ओठ म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे, चेहऱ्याच्या उंचीवर बघत होते. दार धरून ते थांबले. माणसाला उठायला, हेडफोन खुंटीला लावायला, कोट सारखा करायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबले. मग बाजूला होऊन त्यांनी वाट दिली.

तिच्या खांद्याला कोटाचं कापड घासून गेलं.

दारं लागली. पाठोपाठ खटका पडला, आणि तो खटका तिला दोन्ही कानांनी, स्वच्छ ऐकू आला. तिने डोक्याला हात लावला. हेडफोन डोक्यावर नव्हते, खुंटीला होते.

७

आधी तिने दार ठोकलं, हे सांगायला नको. मग काच ठोकली. मग बटण दाबून धरलं. बाहेर दिवा लागूनच राहिला असणार, कारण दुपारी यंत्रदुरुस्तीवाला आला आणि बटण बदलून गेला. तो दार उघडं टाकून चांगली वीस मिनिटं आत बसला होता. ती त्याला ओलांडून दारापर्यंत गेली. उंबऱ्यावरच्या पट्टीपर्यंत पाय जात होता, पट्टीच्या पलीकडे टाकायला पाऊलच उरत नव्हतं. ती तीनदा गेली आणि तिन्ही वेळा खुर्चीमागच्या कोपऱ्यात होती.

पेशंट येत, बसत, जात. पेटीत दुसऱ्या माणसाला जागा नसते. ती स्पंजला पाठ चिकटवून उभी राही आणि त्यांच्या डोक्यावरून काचेकडे बघे. काचेपलीकडे एक मान दिसे, पांढऱ्या कोटाची कॉलर, पेन धरलेला हात. चेहरा कागदावर झुकलेला असे. सूर सोडताना पेशंटकडे बघायचं नाही.

आता तिला सगळं ऐकू येत होतं. हेडफोनमधला सगळ्यात पुसट सूर तिला खुर्चीमागून ऐकू येई. पेशंटच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येई, त्यांचा आवंढा ऐकू येई. वहिनींचं जिन्यापाशी चाललेलं भांडण दोन दारांमधून शब्द न् शब्द ऐकू येई. शाळेच्या बाई परत आल्या, त्यांची नीट तपासणी झाली, पंचवीसपैकी अकरा निघाले आणि बाहेरच्या आवाजाने त्यांना फार समजुतीने सांगितलं, की कानाला मशीन लावलं तर शिकवणं सुटणार नाही. आवाज ओळखीचा होता. आयुष्यभर आपण तो आतून ऐकतो, बाहेरून ऐकला की जरा परका वाटतो, एवढंच.

कानबाईला वाटलं, मीही असंच सांगितलं असतं. 

रडणं दोन दिवसांत संपलं. राग राहिला. पण तोही कोणावर काढायचा? सह्या तिनेच केल्या होत्या.

८

सहाव्या दिवशी बाहेरच्या खोलीत बाबांचा आवाज आला.

"हीच का ती पेटी?" ते अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे म्हणाले. कानबाईने दहा वर्षं त्यांच्या मागे लागून घसा कोरडा केला होता, बाबा, एकदा तपासून घ्या, आता चांगली मशीनं निघालीत. ते एकदाही आले नव्हते. घरी काय मी कमी कोंडलेला आहे, म्हणायचे.

दारं उघडली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. एका हाताने त्यांचा दंड धरला होता, तो हात पट्टीच्या आत आला, त्यांना खुर्चीत बसवून, हेडफोन चढवून, बटण त्यांच्या मुठीत देऊन मागे गेला. कानबाईने त्या हाताकडे बघितलं नाही. ती बाबांकडे बघत होती. मानेवरचे केस कापायला झाले होते. एरवी ते काम रविवारी तीच करायची.

"पोरगी मोठी गोड वागायला लागलीय आठवडाभर," दारं लागल्यावर बाबा स्वतःशी, म्हणजे ओरडूनच, म्हणाले. "हाताला धरून आणलं. हरकत नाही. येऊ दे काय येतं ते."

सूर सुरू झाले. मोठे, आणखी मोठे. खुर्चीमागे उभं राहूनही कानबाईच्या कानठळ्या बसत होत्या. बाबा बटणावर अंगठा ठेवून शांत बसले होते. त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. ते असे किती वर्षं बसले होते हे तिला त्या खुर्चीमागून पहिल्यांदा कळलं.

"बाबा," ती म्हणाली.

अंगठा हलला. बटण दाबलं गेलं.

 योगायोग असेल. ती थांबली. यंत्रातून मोठा सूर गेला, बाबा हलले नाहीत. सूर थांबला, पूर्ण शांतता झाली, आणि ती त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाली, "बाबा."

त्यांनी पुन्हा दाबलं. मग त्यांचं तोंड उघडलं, डोळे भरले आणि ते खुर्चीत अर्धवट उठले.

"आला! अगं, आला आवाज! माझ्या पोरीचा आवाज आला!"

"बाबा, मी इथे आहे. मागे. मागे बघा. ती मी नाही."

पण बाबा मागे बघत नव्हते. मुलीचा आवाज आला तर माणूस मुलीकडेच बघणार. ते काचेकडे बघत होते. "तूच बोललीस ना?" त्यांनी काचेला विचारलं. "तूच ना गं?"

बाहेरच्या बाईने मान वर केली. सहा दिवसांत पहिल्यांदा. ती आधी बाबांकडे बघून हसली आणि तिने होकाराची मान हलवली. मग तिची नजर बाबांच्या डोक्यावरून पुढे आली, खुर्चीमागच्या कोपऱ्यात, जिथे कधीच कोणी बघत नाही तिथे, आणि थांबली.

नजर न हलवता तिने हात यंत्राकडे नेला. पेशंटला नको ते ऐकू येऊ नये म्हणून कानात एक खरखर सोडतात. एरवी ती एकाच कानात सोडायची असते. तिने ती दोन्ही कानांत सोडली आणि चकती शेवटपर्यंत फिरवली.

कानबाई ओरडत राहिली. बाबा, बाबा, बाबा. तिला स्वतःला ते फार स्पष्ट ऐकू येत होतं.

बाबा हसतमुखाने ताठ बसून राहिले, बटणावर अंगठा तयार ठेवून, आवाज पुन्हा यायची वाट बघत.